पेन्सिलीचं लाल टोक

गुरुजी,

तुमच्यावर एक पान लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलंय. शाळेची स्मरणिका निघणार आहे आणि तीत जुन्या शिक्षकांवर एकेक पान असणार आहे. तुमचा फोटो त्यांना कुठंच मिळाला नाही, माझ्याकडं असेल तर तोही पाठवा म्हणतात. फोटो माझ्याकडंही नाही. पान मात्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं, कारण प्रत्येक वेळी ते तुमच्यापासून सुरू व्हायचं आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून माझीच आरती ओवाळायला लागायचं. ‘त्यांनी सुरू केलेलं काम मी पुढं नेलं’ हे वाक्य तर चारही कागदांवर होतं. ते मला झोंबलं. म्हणून पान बाजूला सारून हे लिहायला बसलेय. हे स्मरणिकेत जायचं नाही. कुठंच जायचं नाही.

तुम्हाला ती खोली मिळाली कशी, हे आताच्या मास्तरांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, तुम्ही फार मोठा विचार करून कच्च्या मुलांसाठी वेगळा वर्ग काढलात. खरं तर तुम्हाला शिकवायला काही उरलंच नव्हतं. निजामाच्या वेळी तुम्ही उर्दूतून गणित शिकवायचात. मग राज्यं नव्यानं आखली गेली, आपला बिदर जिल्हा म्हैसूरकडं गेला, आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमची उर्दू बिनकामाची झाली. मराठी तुमची घरचीच होती, पण सनद उर्दूची. सरकारची कानडीची परीक्षा पास झाल्याशिवाय वर्ग मिळायचा नाही, असं तेव्हाच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं. वेळापत्रकात तुमच्या नावापुढं नुसती रेघ असायची. बिनवर्गाचा मास्तर आणि वर्गात कुणाला नको असलेली पोरं, दोघांचीही सोय म्हणून खेळाच्या सामानाची खोली उघडून दिली गेली. लेझमांचा ढीग, फुटका ढोल, आणि भिंतीवर तो जुना नकाशा, ज्यावर हैदराबाद संस्थान अजून जागच्या जागी होतं. नकाशा काढा असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, भिंतीचा पोपडा झाकायला बरा आहे.

मी त्या खोलीत आले ती मॅट्रिकला एकदा बसून, गणितात आणि कानडीत नापास होऊन. आमच्या वस्तीतून हायस्कूलपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. आम्ही बौद्ध झालो त्यानंतर वडिलांनी घरात एकच गोष्ट लावून धरली होती, पोरीला शिकवायचं. त्यामुळं मी नापास झाले तेव्हा एकटी मी नापास झाले नव्हते, सगळी वस्ती दोन दिवस गप्प होती. मी तुमच्यासमोर बसले, वही उघडली आणि रडायला लागले. तुम्ही बराच वेळ लेझमांचे खिळे घट्ट करत बसलात.

“कामून रडायलीस माय?”

“सगळं चुकलंय, गुरुजी.”

“सगळं? कुठं कुठं चुकलंय, दाव बरं.”

मला एकही जागा दाखवता येईना. उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळत नव्हतं, एवढंच कळत होतं.

“मग सगळं चुकलंय हे तुला कोण सांगितलं?” असं म्हणून तुम्ही पेटीतून स्वतःची वही काढलीत. शंभर पानी, कोपरे दुमडलेली. तीत तुमच्या थरथरत्या अक्षरात कानडी ओळी होत्या आणि ओळीओळीला लाल गोल होते. “ही माझी. तीन बार नापास झालोय. बघ, तुझ्याहून लाल हाय.”

पन्नाशीचा माणूस आपली नापासाची वही एका पोरीसमोर उघडून धरतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही पाहिलेलं नाही. मी स्वतः तर ते कधीच केलं नाही, आणि सगळं तिथंच येऊन थांबतं. पण क्रमानं सांगते.

तुमची रीत साधी होती. प्रत्येकाची एक कच्ची वही. आज गणित सोडवायचं आणि वही मिटून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तीच वही दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाचायची आणि जिथं चूक दिसेल तिथं लाल-निळ्या पेन्सिलीच्या लाल टोकानं आपणच गोल करायचा. मास्तरानं लाल टोकाला हात लावायचा नाही. मुलानं चूक बरोबर पकडली असेल तर मास्तरानं त्या गोलाशेजारी निळ्या टोकानं बारीक खूण करायची, बस्स. जी चूक मुलाला दिसली नाही तिच्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढत नसायचात. आठ दिवसांनी तसंच गणित पुन्हा घालायचात. त्यामुळं व्हायचं असं की वहीची पहिली पानं स्वच्छ दिसायची, चुकांनी भरलेली पण स्वच्छ, कारण त्या दिसतच नसायच्या. मग हळूहळू लाल वाढायचं. पान लालभडक झालं की तुम्ही खूश. आणि ही वही खोलीबाहेर न्यायची नाही, आईबापाला नाही, मुख्याध्यापकांना नाही, तपासणीला आलेल्या साहेबांनाही नाही. ‘भाईरच्याला उलटं दिसतंय,’ एवढंच कारण तुम्ही सांगायचात.

रविवारी मी तुमच्या घरी यायचे. अम्मा चुलीपाशी बसलेल्या, हात पिठात. तुम्ही उंबऱ्याला टेकून कानडी धडा मोठ्यानं वाचताय. अम्मांचं माहेर हुमनाबादकडचं, कानडी त्यांच्या पोटातली. तुम्ही दोन ओळी वाचता आणि त्या मनगटानं तोंड झाकून हसायला लागतात, “हंगल्री, हंगल्ल,” तसं नाही हो, तसं नाही. तुम्ही रागावत नाही. “कुठं, कुठं?” असं विचारता आणि त्या पिठाळ बोटानं दाखवायला निघाल्या की वही मागं ओढून म्हणता, “दावू नको, मीच हुडकतो.” मग मला ज्वारीची भाकरी आणि पुंडीची आंबट भाजी मिळते. मी कोणत्या वस्तीतून येते हे अम्मांना ठाऊक होतं. त्यांनी पहिल्या दिवशीच माझं ताट चुलीपाशी वाढलं आणि त्याबद्दल कधी काही बोलल्या नाहीत. तुम्ही बायकोकडून हसून घेत होतात आणि मी बघत होते. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. आता वाटतं, तोच माझा खरा धडा होता आणि मी भाजीकडं बघत बसले.

एकदा तुम्ही मला बोललात, तेही आठवतंय. नववीतली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिची चूक मला दिसली आणि मी शहाणपणानं तिच्या वहीत लाल गोल ओढला. तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतलीत. आवाज चढवला नाही. “दुसऱ्याच्या चुकीला लाल लावायचा हक्क तुला न्हाई. आपली असली तर लाव.” त्या दिवशी मला पेन्सिल परत मिळाली नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं, गुरुजी उगीच रागावले.

पुढच्या खेपेला मी पास झाले. त्याच साली तुम्ही चौथ्यांदा बसलात आणि पुन्हा राहिलात. निकाल कळल्यावर हसत होतात, “एका घरात दोन पास कशाला?” म्हणून. घरात, असं म्हणालात. आणि तुमची पेन्सिल मला दिलीत, लाल टोक झिजून बोटभर राहिलेलं, निळं जवळजवळ नवं. मी ट्रेनिंग करून त्याच शाळेत लागले, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तुम्ही गेलात. ती कानडीची परीक्षा तुम्ही शेवटी पास झालात की नाही, मला माहीत नाही. अम्मांना विचारायचं राहून गेलं, नंतर त्याही राहिल्या नाहीत.

खोली माझ्याकडं आली. लेझमा, ढोल, नकाशा, सगळं तसंच. मुख्याध्यापक मात्र नवे होते, बिदर शहरातून आलेले, निकालाच्या टक्क्यांवर जीव टाकणारे. त्यांना ती खोली प्रयोगशाळेच्या सामानासाठी हवी होती. दर महिन्याला एकदा दारात उभे राहून विचारायचे, “बाई, इथं नेमकं काय चालतं?” मी हसून वेळ मारून न्यायचे. आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी काय करत होते, तेही तुम्हाला सांगायला हवं. तिथं एकदा कुणीतरी विचारलं, बाई, तुम्ही मॅट्रिकला कितव्यांदा पास? मी म्हणाले, पहिल्यांदाच. कुणी खोलात जाऊन विचारलं नव्हतं. नुसतं मान हलवूनही भागलं असतं. पण मी म्हणाले, आणि मग तेच धरून बसावं लागलं. मुलांबद्दल बोलताना मी ‘ही पोरं’ म्हणायला लागले, जणू मी त्यांच्यातली कधी नव्हतेच. माझं कारण मला ठाऊक आहे. वस्तीतून आलेल्या बाईचं एक नापास हे एकटीचं राहत नाही, लोक ते सगळ्यांच्या नावावर टाकतात. हे कारण खरं आहे. पुरेसं नाही, एवढंच.

म्हैसूरचं कर्नाटक होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा दहावीतली एक मुलगी माझ्याकडं आली. शेतकऱ्याची लेक, गावापासून चालत यायची, उंच, सतत काहीतरी चघळणारी. तुरीच्या दिवसांत ओटीत हिरव्या शेंगा असायच्या आणि माझ्या टेबलावर न विचारता चार ठेवायची. गणितात तिची एकच खोड होती. कंसाबाहेर उणे असलं की कंस उघडताना ती पहिलंच चिन्ह बदलायची आणि पुढची तशीच सोडून द्यायची. पावसाळा संपेपर्यंत तिला ते दिसलंच नाही. पानं कशी स्वच्छ. मी आपली आठ-आठ दिवसांनी तेच गणित घालत होते आणि मनातून चिडत होते. दिवाळीनंतर एक दिवस ती वही वाचता वाचता थांबली.

“बाई, ह्ये मी रोजच करायले की.”

“काय?”

“पैल्यालाच बदलायले. मागच्याला तसंच सोडायले. रोज करायले बघा.” आणि मागची चार-सहा पानं भराभर उलटून ती लाल गोल करत सुटली, हसत, चोर सापडल्यासारखी. त्या दिवसापासून मी आत पाऊल टाकलं की तिचा आकडा तयार असायचा, “बाई, आज आठ घावल्या.” “आज अकरा.” मी निळ्या खुणा करून दमायचे. तुमची पेन्सिल मी तिलाच देऊन टाकली होती, वापरायला. तुम्ही असतात तर तुम्हीही दिली असती, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला फार बरं वाटलं.

परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली आणि तिचे वडील शाळेत आले. उदगीरकडचं स्थळ आलं होतं, पाहुणे उन्हाळ्यात उरकून घ्या म्हणत होते. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. पोरगी पास होणार असेल तर पाहुण्यांना एक साल थांबा म्हणून सांगू. नसेल तर उगीच स्थळ कशाला घालवायचं? ते सांगा तुम्ही मास्तर लोक. मुलीला ते स्थळ नको होतं असं नाही. तिला परीक्षेला बसायचं होतं. दोन दिवस आधी ती मला म्हणाली होती, “बाई, तुमी फकस्त व्हय म्हना. अप्पा तुमचं ऐकतेत.”

मुख्याध्यापकांचा शिपायाकडून निरोप आला, तिची वही घेऊन या. मी कच्ची वही घेऊन गेले.

ऑफिसात मुख्याध्यापक, त्यांच्या बाजूला गणिताचे सर, खुर्चीच्या कडेवर टेकलेले वडील, पटका मांडीवर. मुलगी दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभी. मुख्याध्यापकांनी वही घेतली आणि सुरुवातीपासून चाळली. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून. मग हसू दाबत गणिताच्या सरांकडं सरकवली.

“बाई, तुमच्याकडं आल्यापासून पोरगी जास्तच चुकायला लागली की.”

सर हसले. मीही हसले, गुरुजी. अगदी थोडं, पण हसले.

वडिलांनी हात पुढं केला आणि वही मागून घेतली. त्यांनी ती उलट बाजूनं उघडली, उर्दूची सवय, मग आपली चूक लक्षात येऊन सुलट केली. एकेक पान बोटानं पुसत उलटलं. “मी उर्दूत चार यत्ता शिकलोय बाई, मराठी वाचता येत न्हाई मला. पण लाल कळतंय. सुरवातीला कायच न्हाई. आन् हिकडं आल्यावर जागाच न्हाई ऱ्हायली.”

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला काळजी दिसत नव्हती. तिला वाटत होतं, आता बाई सांगतील. लाल कुणी केलंय ते सांगतील, निळ्या खुणा कशाच्या ते सांगतील. मलाही वाटत होतं की मी सांगेन. मी तोंड उघडलंसुद्धा, “ही एक पद्धत आहे,” असं काहीतरी सुरू केलं. तेवढ्यात वडिलांनी विचारलं. रागानं नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून.

“आसं लाल करून कुनी पास झालंय का, बाई?”

उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी. मी झालेय. माझी वही हिच्याहून लाल होती, मी एकदा आपटले आणि या शाळेच्या त्याच खोलीत बसून पास झाले, आणि आता तुमच्यासमोर इस्त्रीची साडी नेसून उभी आहे. तुम्ही आपल्या पेटीतून वही काढलीत तसं मला एवढंच काढायचं होतं. वहीसुद्धा नको, एक वाक्य. पण समोर मुख्याध्यापक होते, गणिताचे सर होते, आणि त्यांच्या डोक्यात मी पहिल्याच खेपेला पास झालेली बाई होते.

“घरी अभ्यास कमी पडतो हिचा,” मी म्हणाले.

दुसऱ्याच्या चुकीला लाल लावायचा हक्क तुला न्हाई, हे तुम्ही मला सांगितलं होतं. इथं तर चूक माझी होती आणि लाल मी तिला लावलं.

वडिलांनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते मिळालं, मास्तर लोकांचं मत. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा नको, पुढच्या वर्षी बसवू. वडील उठता उठता म्हणाले, “पुढच्या साली कुठलं आता.” मुलगी भिंतीपासून हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला पुढची वर्षं थोडी सोपी गेली असती. ती नुसती गोंधळली होती, कंस उघडताना पावसाळाभर गोंधळायची तशी. चूक कुठंय ते तिला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळा सुटायच्या वेळेला खोलीत आली. पेन्सिल टेबलावर ठेवली. लाल टोक पार लाकडापर्यंत गेलेलं.

“बाई, माझी वही कुठाय?”

“साहेबांच्या टेबलावर राहिली बघ.”

“ती माझी हाय.”

“आणून ठेवते,” मी म्हणाले. ती गेली. फॉर्म भरला गेला नाही. उन्हाळ्यात लग्न झालं. मला पत्रिका आली होती, मी गेले नाही, डोकं दुखत होतं म्हणून सांगितलं.

वही मी ती गेल्यावर त्याच संध्याकाळी आणली होती. मुख्याध्यापकांनी त्यावर चहाचा कप ठेवलेला, त्याचं वर्तुळ पुठ्ठ्यावर उमटलं होतं. खोलीत येऊन मी ती चाळली. लाल पानं संपली आणि मागं अजून दोन पानं होती. ती तिनं माझ्या माघारी खोलीत बसून सोडवली आणि परत वाचून ठेवली होती, बहुतेक वडील आले त्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या सकाळी. त्यांवर एकही गोल नाही. मला वाटलं, हिनं कंटाळून सोडून दिलं. मग मी एकेक ओळ तपासली. प्रत्येक कंस बरोबर उघडलेला, प्रत्येक चिन्ह बदललेलं, सगळी उत्तरं बरोबर. खाली उजव्या कोपऱ्यात तिनं जागा मोकळी सोडली होती, माझ्या निळ्या खुणेसाठी. ऑफिसात ती पानं कुणी उलटली नाहीत. वडिलांनी लाल संपेपर्यंतच पाहिलं. आणि मी ती वही बघितल्याशिवाय तिथं नेली होती. रोज तपासणारी मी, त्या दिवशी नेमकी तपासली नव्हती.

त्यानंतर मी तिथं तीनच वर्षं राहिले. आता गुलबर्ग्याला शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवते. तुमची रीत तिथं पोरापोरींना समजावून सांगते. फार आवडते त्यांना. लाल टोक मुलाच्या हातात द्या, म्हणते. वही लाल होत जाते आणि शेवटी स्वच्छ होते, म्हणते. उदाहरण म्हणून त्याच मुलीचं सांगते, शेंगा ठेवायची, आज अकरा घावल्या म्हणायची, सगळे हसतात. आणि शेवटी सांगते, ती पास झाली. दरवर्षी सांगते. एका वर्षी तर तिला पहिल्या वर्गात पास केलं.

गेल्या वर्षी कमलनगरच्या स्टेशनवर ती मला भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. उंची तीच, बरोबर दहा-अकरा वर्षांची मुलगी. पाया पडली. मी घाबरून इकडचं तिकडचं विचारत सुटले, घर कसं, शेत कसं. तिनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. लेकीला गणित आवडतं म्हणाली, रात्री मीच बसवते अभ्यासाला. “लाल तिच्याच हातात देते बाई, तुमच्यासारखं.” गाडीचा भोंगा वाजला, ती चढली, आणि खिडकीतून वाकून म्हणाली, “बाई, ती माझी वही हाय का हो तुमच्याकडं? लेकीला दावायची व्हती. माझी किती लाल व्हती ते.”

मी म्हणाले, “बघते.”

बघायचं काय त्यात? वही माझ्या लोखंडी पेटीत सगळ्यात वर आहे, तुमच्या पेन्सिलीसकट. तिच्या सासरचं गाव मला माहीत आहे, पोस्टानं चार दिवसांत पोचेल. वर्ष झालं. पाठवली तर ती शेवटची दोन पानं बघेल, आणि तो रिकामा कोपरा बघेल, आणि त्या दिवशी ऑफिसात नेमकं काय झालं हे तिला कळेल. आजवर तिला वाटत असणार की तिलाच येत नव्हतं. आणि एवढं होऊनही ती तुमच्यासारखी आहे, गुरुजी. स्वतःची नापासाची वही लेकीसमोर उघडून ठेवायला निघालीय. तुमची वारस ती आहे. मी नुसती पेन्सिल सांभाळलीय.

हे पत्र काल लिहून मिटून ठेवलं होतं. आज तुमच्या शिस्तीनं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचलं. लाल टोक हातात घेतलं, ते आता नखाएवढंच उरलंय. बाकी सगळं ठीक वाटलं, एका जागी थांबले. ‘निरोप आला, तिची वही घेऊन या,’ असं मी वर लिहिलंय. तसा निरोप आला नव्हता. शिपाई एवढंच म्हणाला होता, “सायबांनी बोलावलंय.” वही कुणीच मागितली नव्हती. मी आपणहून ती काढली, पदरानं पुसली आणि छातीशी धरून ऑफिसात नेली, कारण त्यांनी ती बघावी आणि म्हणावं, बाई काय काम करतात. इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा निरोपाचंच सांगत आलेय.

त्या ओळीभोवती गोल केलाय, गुरुजी. शेजारी जागा मोकळी सोडलीय.